व्हायरल लोड सापडत नाही, तरी गोळ्या आयुष्यभर का?

स्नेहलतागंज, इंदूर
माझे मामेभाऊ सहा वर्षे एचआयव्हीच्या गोळ्या घेत आहेत आणि त्यांचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातले विषाणूंचे प्रमाण, आता चाचणीत सापडत नाही. गेल्या महिन्यात ग्वाल्हेरला लग्नाला गेले असता त्यांच्या चार दिवसांच्या गोळ्या चुकल्या, तेव्हापासून घरात काळजी आहे. जो विषाणू सापडतच नाही, तो राहतो कुठे?

निवृत्त अध्यापक, सूक्ष्मजीवशास्त्र, इंदूर
ताई, ही चाचणी रक्तद्रवात मोकळे फिरणारे विषाणू मोजते, पेशींच्या आतले नव्हे. एचआयव्ही सीडी४ पेशीत, म्हणजे रोगप्रतिकारशक्तीच्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशीत, शिरला की आपल्या आरएनएवरून (त्याच्या जनुकीय साहित्यावरून) डीएनए तयार करतो आणि तो पेशीच्याच डीएनएत जोडून टाकतो. अशा बहुतेक पेशी लवकर मरतात, पण काही मोजक्या पेशी शांत होऊन स्मृतिपेशी म्हणून उरतात. आणि जुन्या संसर्गाची ओळख वर्षानुवर्षे जपणे हेच स्मृतिपेशींचे काम असल्यामुळे विषाणूलाही तितकेच दीर्घ आयुष्य मिळते. शिवाय अशी पेशी विभागली की तिच्यातला विषाणूचा डीएनए दोन्ही नव्या पेशींत आयता जातो, त्यासाठी नवा संसर्ग व्हावा लागत नाही. औषधे नवा संसर्ग रोखतात, जोडलेला डीएनए मात्र काढू शकत नाहीत. शांत पेशींत दडलेल्या विषाणूचा हा साठा १९९७ मध्ये औषध घेणाऱ्या रुग्णांत दाखवला गेला. पुढच्या मोजमापांत तो निम्मा व्हायला सुमारे ४४ महिने लागतात असे दिसले. त्या हिशेबाने तो संपायला सत्तरहून अधिक वर्षे लागतील. दहा लाख शांत सीडी४ पेशींत जागा होऊ शकणारा विषाणू जेमतेम एखाद्या पेशीत असतो, पण औषध थांबवल्यावर तेवढा पुरतो, आणि बहुतेकांत काही आठवड्यांतच व्हायरल लोड पुन्हा वाढतो.

प्रयोगशाळा तंत्रज्ञ, इंदूर
सरांच्या उत्तराला एक जोड देतो. आरएनएवरून डीएनए उतरवणारे विषाणूचे विकर (एन्झाइम) चुका तपासत नाही, म्हणून प्रती वाढत गेल्या की बदलही साचत जातात. गोळ्या नियमित असतील तर ही नक्कल जवळजवळ थांबते. अर्धवट औषधात मात्र ती सुरू राहते आणि औषधाला न जुमानणारे प्रकार निवडले जातात. असा प्रकार एकदा स्मृतिपेशींत जमा झाला की औषध बदलल्यावरही तिथे टिकून राहतो. चार दिवसांनी घाबरून जाऊ नका, पण एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीची औषधे मिळतात तिथे, ही गोष्ट लपवू नका. व्हायरल लोडची चाचणी कधी करायची ते डॉक्टरच ठरवतील.

स्नेहलतागंज, इंदूर
दोघांचेही मनापासून आभार. सोमवारी मी स्वतः त्यांच्याबरोबर केंद्रात जाणार आहे.