'राखेची माती' म्हणावे की 'ज्वालामुखीय मृदा'?

मूळ प्रश्न (अनुवादक, कोल्हापूर)

डोंगरउतारावरील वनांविषयीच्या एका पाठ्यपुस्तिकेचे मराठीकरण सध्या माझ्याकडे आहे. त्यात 'व्होल्कॅनिक ॲश-इन्फ्लुअन्स्ड फॉरेस्ट सॉइल' (ज्वालामुखीच्या राखेमुळे वेगळा स्वभाव आलेली जंगलातली माती) हा शब्दसमूह पानोपानी येतो. पहिल्या खर्ड्यात मी 'ज्वालामुखीय वनमृदा' असे लिहिले होते. तो वाचणाऱ्या एका विद्यार्थ्याने विचारले की, आपला सगळा सह्याद्रीच लाव्हारसाचा बनलेला आहे, तर मग दाजीपूरच्या जंगलातली माती म्हणजे हीच का? खरे उत्तर 'नाही' असे होते, पण माझा शब्द 'होय' म्हणत होता. म्हणून मी तो बदलून 'राखमिश्रित वनमृदा' केला. तेव्हा पन्हाळ्याकडच्या एका शेतकरी स्नेह्याने तो वाचून, जंगलाला वणवा लागून गेल्यावर उरलेली माती, असा अर्थ लावला. दोन्ही वाचक चुकलेले नाहीत, चुकतो आहे तो शब्द. जाणकारांनी मार्ग दाखवावा.

प्रतिसाद १ (मृदाशास्त्राचे निवृत्त अध्यापक)

आपल्या स्नेह्यांची चूक समजून घेतली तर अर्धा प्रश्न सुटतो. ज्वालामुखीतून उडणारी 'राख' ही मुळात राखच नव्हे. राख म्हणजे काहीतरी जळून उरलेला अवशेष. ज्वालामुखीत जळत काहीच नाही. वितळलेल्या खडकात कोंडलेले वायू वर येताना एकदम फुगतात, त्या जोराने खडकाचा चुरा होतो आणि तो हवेत थिजून काचेचे तीक्ष्ण कण बनतात. २ मिलिमीटरपेक्षा लहान कणांना भूवैज्ञानिक राख म्हणतात आणि २ ते ६४ मिलिमीटरच्या खड्यांना लॅपिली. जे काही उडून खाली पडते त्या सगळ्यासाठी त्यांनी 'टेफ्रा' असा एकच शब्द घेतला आहे, आणि गंमत अशी की ग्रीक भाषेत टेफ्रा या शब्दाचा अर्थही राखच आहे. तेव्हा दिसण्यावरून नाव पडण्याचा हा घोटाळा केवळ मराठीचा नाही.

मात्र मराठीत त्याचे परिणाम अधिक गंभीर होतात, कारण आपल्याकडे राख ही शेतीतील नेहमीची वस्तू आहे. चुलीतली राख परसात टाकली की जमिनीला पालाश (पोटॅश) आणि चुना मिळतो आणि सामू वाढतो, म्हणजे आम्लता घटते. ज्वालामुखीच्या राखेपासून झालेली माती बहुधा आम्लधर्मी असते आणि तिच्यात स्फुरद (फॉस्फरस) अडकून बसतो, पिकाला मिळत नाही. म्हणजे 'राखेची माती' हे शब्द वाचून शेतकरी जी अपेक्षा धरील, तिच्या जवळजवळ उलट ही माती वागते.

प्रतिसाद २ (गगनबावडा परिसरातील वाचक, शेती)

अध्यापक महोदयांनी चुलीची राख सांगितली, पण आमच्या भागात 'राखेची माती' म्हटल्यावर आधी आठवतो तो राब. पावसाळ्यापूर्वी तरव्याच्या (लावणीच्या रोपांच्या) जागेवर पालापाचोळा, काटक्या आणि शेण पसरून आम्ही राब भाजतो, आणि त्या राखेत भाताचा किंवा नाचणीचा तरवा टाकतो. डोंगरउतार, जंगल, राख आणि माती हे चारही शब्द एका वाक्यात आले की आमच्याकडचा कोणताही माणूस राबच समजणार. शिवाय घरात 'राख' हा शब्द जपूनच वापरावा लागतो, कारण रक्षाविसर्जनाची 'रक्षा' आणि ही राख भावंडेच आहेत. पुस्तक विद्यार्थ्यांसाठी असले तरी त्यांचे आईवडील तेच शब्द बोलतात, याचा विचार व्हावा.

प्रतिसाद ३ (भाषेचे अभ्यासक, कोल्हापूर शहर)

'राख' आणि 'रक्षा' यांचे नाते वरच्या प्रतिसादात अचूक सांगितले आहे. 'राखणे' हे क्रियापदही त्याच घराण्यातले. त्यामुळे एक धोका आधीच सांगून ठेवतो. 'राख' आणि 'वन' हे शब्द शेजारी आले की मराठी कानाला राखलेले वन, राखीव जंगल किंवा देवराई ऐकू येते. 'राखवनमृदा' असा समास कोणी केलाच, तर मुद्रितशोधक तो दुरुस्त करून 'राखीव वनमृदा' करून टाकतील. माझ्या एका जुन्या लेखात असे झालेले आहे आणि छापून आल्यावरच ते मला कळले.

दुसरा मुद्दा 'प्रभावित' या शब्दाचा. २०१९ आणि २०२१च्या महापुरांनंतर आपल्या जिल्ह्यात 'पूरबाधित' आणि 'पूरप्रभावित' हे शब्द इतके रुळले की 'राखप्रभावित माती' वाचल्यावर ती नुकसान झालेली माती वाटते, तिचा पंचनामा व्हायचा राहिला आहे असे वाटते. मूळ शब्दसमूहात नुकसानीचा अर्थ नाही, राखेमुळे मातीला वेगळा स्वभाव आला एवढेच त्याला सांगायचे आहे.

'ज्वालामुखीय' या विशेषणातही संदिग्धता आहेच. त्यातून खडक ज्वालामुखीचा की वर पडलेला थर ज्वालामुखीचा, हे कळत नाही.

प्रतिसाद ४ (मृदाशास्त्राचे निवृत्त अध्यापक)

शेवटचे वाक्य या चर्चेतले सर्वांत महत्त्वाचे आहे, म्हणून त्यावर थोडे सविस्तर लिहितो.

आपला डोंगर ज्वालामुखीचा आहे, पण आपली माती राखेची नाही. दख्खनचे बेसाल्टचे थर सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचे. ते मुख्यतः वाहत्या लाव्हाचे आहेत, आणि त्यानंतरच्या प्रदीर्घ काळात पावसाने आणि उष्णतेने त्या खडकाचे रूप पार पालटले आहे. पन्हाळा आणि मसाई पठारावर जांभा झाला, राधानगरीकडे बॉक्साइट झाले, पूर्वेकडच्या सपाटीवर भेगाळणारी काळी जमीन झाली. घाटरस्त्याच्या कापात दोन लाव्हाथरांच्या मध्ये लाल मातीचा पट्टा दिसतो, त्यांपैकी काही पट्टे मूळच्या राखेचे असावेत असे भूवैज्ञानिक मानतात. पण ते आता खडकात गाडलेले आहेत, जंगल त्यांच्यावर उभे नाही. पुणे जिल्ह्यात कुकडी नदीकाठी बोरी येथे मात्र खरोखरची ज्वालामुखी राख सापडते. ती दूरवरून वाऱ्याने आलेली आहे आणि तिच्या वयावरून विद्वानांत बराच वाद आहे. महाराष्ट्रात 'ज्वालामुखी राख' हा शब्द अक्षरशः लागू पडावा अशी मला माहीत असलेली हीच एक जागा.

आता याच्या उलट उदाहरण पाहा. इटलीत नेपल्सजवळ सार्नो गावामागचे डोंगर चुनखडीचे आहेत. ते ज्वालामुखी नव्हेत. पण व्हेसुव्हियसच्या उद्रेकांतून उडालेली राख आणि सच्छिद्र खडे त्या तीव्र उतारांवर थराथराने बसले आणि त्यांच्यावर जंगल वाढले. मे १९९८मध्ये पावसाने तो थर चुनखडीवरून सुटला, आणि चिखलाच्या लोंढ्यांत त्या परिसरातील दीडशेहून अधिक माणसे गेली. या मातीला 'ज्वालामुखीय' म्हटले तर डोंगराविषयी खोटे सांगितल्यासारखे होते, आणि 'चुनखडीची माती' म्हटले तर मातीविषयी. मूळ इंग्रजी शब्दसमूहात 'इन्फ्लुअन्स्ड' आहे तो नेमका याचसाठी. खाली खडक कोणताही असो, वर राखेचे पांघरूण आहे आणि मातीचा स्वभाव त्या पांघरुणाने ठरतो. अमेरिकेच्या वायव्येकडील, आयडाहो आणि वॉशिंग्टनमधील अनेक जंगलांखाली असेच पांघरूण आहे. सुमारे ७,७०० वर्षांपूर्वी ओरेगॉनमधील माझामा पर्वताचा उद्रेक झाला, त्याची राख तिथल्या ग्रॅनाइटवर आणि इतर जुन्या खडकांवरही पसरली. उन्हाळ्यात पाऊस नसताना तिथली झाडे तग धरतात ती बऱ्याच अंशी या थरात साठलेल्या ओलाव्यावर.

या मातीचा स्वभाव विद्यार्थ्यांना हाताने कळावा म्हणून सांगतो. ती विलक्षण हलकी असते. साधारण शेतजमिनीच्या एक घन सेंटिमीटर कोरड्या मातीचे वजन १.२ ते १.५ ग्रॅमच्या आसपास भरते, तर वर्गीकरणात राखेच्या मातीच्या गटात बसण्यासाठी ते ०.९ ग्रॅम किंवा त्याहून कमी असावे लागते. काचेचे कण लवकर झिजतात आणि त्यांच्यातून ॲलोफेन नावाचे खनिज तयार होते. त्याचे पोकळ गोळे सुमारे ५ नॅनोमीटर व्यासाचे असतात. (या नावाचा ग्रीक अर्थ 'वेगळेच भासणारे' असा आहे. प्रथम पाहणारे त्याच्या रूपाने फसले होते.) या पोकळ्यांमुळे माती पाणी भरपूर धरते. अतिपावसाच्या डोंगरांत तर कोरड्या मातीच्या वजनापेक्षा तिच्यातले पाणी जास्त भरते. तरीही हाताला ती ओलीचिंब लागत नाही, भुसभुशीत लागते. चिमटीत घेऊन चोळली की मात्र एकाएकी पाणी सोडते आणि लोण्यासारखी निसरडी होते. आपल्याकडे शेतकरी वाफसा (मशागतीजोगा ओलावा) पाहण्यासाठी मूठभर मातीचा लाडू वळून पाहतो. या मातीत ती परीक्षा फसते, कारण वाफसा आला आहे असे वाटत असतानाच ती हातात पाघळते.

तीव्र उतारावर हाच गुण घातक ठरतो. दाबाने किंवा हादऱ्याने रचना मोडली की धरलेले पाणी सुटते आणि घट्ट वाटणारा थर वाहू लागतो. ६ सप्टेंबर २०१८ रोजी जपानच्या होक्काइदो बेटावर ६.६ तीव्रतेचा भूकंप झाला, तेव्हा आत्सुमा परिसरातील जंगलाच्या टेकड्यांवर हजारो दरडी एकाच वेळी सुटल्या. तिथे जुन्या उद्रेकातील प्यूमिसचे खडे, म्हणजे पाय घासायला वापरतात त्या हलक्या दगडाचे खडे, झिजून मऊ झाले होते, आणि सारा उतार त्या थरावरून घसरला. एरवी मुळांनी बांधलेला आणि कोणी न तुडवलेला हा थर तीव्र उतारावरही हजारो वर्षे टिकतो. लाकूडतोडीची अवजड यंत्रे फिरली की तो दबतो, आणि एकदा दबलेला थर पुन्हा मोकळा व्हायला कित्येक दशके लागतात.

प्रतिसाद ५ (भूगोलाच्या शिक्षिका, कागल)

वर्गीकरणात या मातीला 'अँडोसॉल' म्हणतात, तोच शब्द देवनागरीत का घेऊ नये? वर्गात माझ्या मुलांनी तो अँडीज पर्वताशी जोडला, एकाने तर अंड्याशी. तरीही तो जपानी आहे हे सांगितल्यावर त्यांच्या नीट लक्षात राहिला. 'आन' म्हणजे गडद आणि 'दो' म्हणजे माती. जपानी शेतकरी या मातीला 'कुरोबोकु' म्हणतात, म्हणजे काळी आणि भुसभुशीत.

प्रतिसाद ६ (भाषेचे अभ्यासक)

'अँडोसॉल' कंसात किंवा तळटीपेत जरूर असावा, पण त्याचा अर्थ सांगताना मराठी 'काळी माती' हा शब्द कटाक्षाने टाळावा. आपली काळी उन्हात भेगाळते, पावसात फुगते आणि बैलाचा पाय रुतवते. तिचा काळेपणा भरपूर सेंद्रिय कर्बामुळे आलेला नाही. कुरोबोकुचा काळेपणा कुजलेल्या वनस्पतीचा आहे आणि तिला भेगा पडत नाहीत. रंग एक असला तरी दोन्हींची कुळे निरनिराळी आहेत.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

सर्वांचे आभार. आता मी असे योजले आहे की, पहिल्या उल्लेखात 'ज्वालामुखीच्या राखेचा थर बसलेली वनमाती' असे पूर्ण लिहावे, लगेच पुढच्या वाक्यात ही राख जळून उरलेली नसून काचेचा चुरा आहे हे सांगावे, आणि नंतर सर्वत्र 'राखथराची माती' असे छोटे रूप वापरावे. 'थर' या शब्दाने राब आणि वणवा दोन्ही दूर राहतात, कारण आपण त्यांचा थर म्हणत नाही. खडकाचा प्रश्नही मिटतो. 'मृदा' ऐवजी 'माती' मी मुद्दाम घेतली आहे.

एक शंका उरते. निलगिरीत राख नसतानाही याच स्वभावाची माती आढळते असे वाचले. तिला काय म्हणावे?

प्रतिसाद ७ (मृदाशास्त्राचे निवृत्त अध्यापक)

आढळते. थंड आणि ओल्या उंचीवर सेंद्रिय पदार्थ आणि ॲल्युमिनियम यांची जोडी जमली की राखेशिवायही तोच स्वभाव येतो. म्हणून 'राखथराची माती' हा शब्द उत्पत्ती सांगण्यापुरता ठेवावा आणि स्वभावासाठी 'अँडोसॉल'. दोन्ही शब्द लागतील, एकाने भागणार नाही.

प्रतिसाद ८ (गगनबावडा परिसरातील वाचक)

'राखथर' मला पटला. पण पुस्तिकेत 'स्फुरद स्थिरीकरण' असा शब्द असेल तर तोही पुन्हा पाहावा. कडधान्याच्या मुळांवरच्या गाठींमुळे होते ते 'नत्र स्थिरीकरण', आणि ते आमच्या फायद्याचे. त्याच शब्दाच्या जोरावर 'या मातीत स्फुरदाचे स्थिरीकरण ८५ टक्क्यांहून जास्त' असे वाचले, तर शेतकरी आनंदाने खताची एक गोणी कमी टाकील.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

मान्य. पुस्तिकेत तो शब्द अकरा ठिकाणी आहे. सर्वत्र 'स्फुरद मातीत अडकतो' असे करतो.