‘आळशी झालाय’ असं आम्हीही म्हणालो होतो

अनगोळ, आई
दहावीपर्यंत मराठी शाळा, मग पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, सायन्स, सगळं इंग्रजीत. बेळगावात हे घरोघरी चालतं, म्हणून मुलगा गप्प झाला तेव्हा ‘होईल सवय’ म्हणून सोडून दिलं. दिवाळीत गल्लीतली पोरं किल्ला करत होती, हा बाहेरसुद्धा आला नाही. चौथीपासून एकही वर्ष चुकवलं नव्हतं. मला तिथंच कळायला हवं होतं. मी म्हणाले, मोठा झाला. मग रात्री तीन-तीनपर्यंत जागरण, सकाळी हाक मारली की अंगावर येणं, ताट अर्ध्यात टाकणं. मी ओरडायचे, ‘आळशी झालाईस!’ त्याला रडताना एकदाही बघितलं नाही, आणि डिप्रेशन म्हणजे रडणं एवढंच मला ठाऊक. डॉक्टर म्हणाले, या वयात ते पुष्कळदा चिडचिडीतून दिसतं. दोन आठवडे जवळजवळ रोज असं चाललं आणि झोप, भूक, अभ्यास, मित्र सगळंच बिघडलं, तर थांबायचं नाही. आम्ही चार महिने थांबलो होतो.

आता तो बरा आहे, बी.कॉम. करतोय. तुमच्या घरात असं काही झालं असेल, चालू असेल, तर लिहा. नाव नको, गाव पुरे.

वडगाव, वडील
आमचे माग आहेत. मुलगी दहावीत. घरात सगळे म्हणाले, बाहेरचं झालंय. अंगारा झाला, सौंदत्तीला जाऊन आलो. यल्लम्मावर माझी श्रद्धा काल होती, आजही आहे. पण त्यात दोन महिने गेले. शेवटी धारवाडला डिमहान्समध्ये, मानसिक आजारांच्या सरकारी दवाखान्यात, नेलं. आधी रक्त तपासलं, थायरॉइड आणि हिमोग्लोबिन, कारण त्यानंही असा थकवा येतो. मग गोळ्या आणि समुपदेशन. दहा दिवसांत फरक दिसेना म्हणून मीच गोळ्या बंद केल्या. ती माझी मोठी चूक. गुण यायला काही आठवडे लागतात, सुरुवातीला मुलावर जास्त लक्ष ठेवावं लागतं, आणि डॉक्टरांना न विचारता बंद करायच्या नसतात.

आणखी एक. पोरगी कन्नड चांगलं बोलते, पण मनातलं सांगायची वेळ आली तेव्हा तिला मराठीच पाहिजे होती. टेली-मानस ही मनाच्या त्रासासाठी सरकारची फोनसेवा, तिचा 14416 नंबर फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठी आणि कन्नड दोन्हीत बोलता येतं. मला हे उशिरा कळलं.

निपाणीजवळचं खेडं, आत्या
भाचा म्हणाला, ‘मी नसलो तर तुमचा खर्च वाचेल.’ घरात सगळे हसले. मला हसू आलं नाही. संध्याकाळी गोठ्यात त्याच्याशेजारी बसून सरळ विचारलं, ‘जीव द्यावा असं वाटतंय काय रे?’ विचारलं तर नसलेलं डोक्यात शिरेल, ही भीती मलाही होती. तसं होत नाही. तो बराच वेळ शेणाकडं बघत राहिला, मग ‘होय’ म्हणाला. त्याच रात्री शेतीची औषधं घरातून हलवली, त्याला एकटं सोडलं नाही, सकाळी दवाखाना गाठला. पुढं कॉलेजनं वर्ष वाया जाईल म्हणून बरंच ऐकवलं. जाऊ दे की वर्ष!

येळ्ळूर, मी स्वतः, वय 20
तेव्हा ‘तुला काय कमी आहे?’ हे सगळ्यात जास्त लागायचं. बाबा रोज रात्री पायरीवर येऊन बसायचे. मार्कांचं काढायचे नाहीत. कधी रताळ्याच्या भावाचं बोलायचे, कधी काहीच नाही. तिसऱ्या आठवड्यात मी बोलले.

खानापूर, आई
मुलगी तीन आठवडे अशीच आहे. नवऱ्याला डॉक्टरचं नाव काढलेलं चालत नाही, ‘लोक काय म्हणतील’ एवढंच. काय करू?

अनगोळ, आई
ताई, त्यांना पटेपर्यंत थांबू नका. घरात अशक्तपणाची तपासणी म्हणून सांगा, तेही खोटं नाही. मुलीला मात्र सगळं खरं सांगून न्या, आणि डॉक्टरांना तिच्याशी एकटीशी बोलू द्या. आज रात्री आधी तिला तो निपाणीचा प्रश्न विचारा. ‘होय’ म्हणाली तर उद्याची वाट बघू नका. मी जागी आहे, लिहा.