मदत हवी आहे: पटकथेतला प्रणयप्रसंग ठेवू की काढू?

अर्धवट_पान

नमस्कार मंडळी. पूर्ण लांबीची पहिलीच पटकथा लिहितोय. ९४ पानं झालीत आणि सीन ४१ वर गाडी अडलीय.

गोष्ट थोडक्यात अशी. नवरा-बायको, लग्नाला अकरा वर्षं. त्याला पक्षाघाताचा झटका येतो, डावी बाजू लुळी पडते. त्यानंतर आठ महिने ती त्याचं सगळं करते. अंघोळ, मालिश, गोळ्या, व्यायाम. रडारड नाही, आदळआपट नाही, सगळं रीतसर. हळूहळू घराचा वॉर्ड होतो आणि ती नर्ससारखी बोलायला लागते, "आता आपण कूस बदलूया हं." सीन ४१ मध्ये ते दोघं झटक्यानंतर पहिल्यांदा जवळ येतात. पुढे ती इतके दिवस टाळत आलेली परगावची नोकरी घ्यायचं ठरवते, आणि तोही जा म्हणतो.

तिघांना वाचायला दिली. एक म्हणाला, तो सीन काढ, लोक अवघडतात. दुसरा म्हणाला, अरे हाच तर सिनेमा आहे, वाढव अजून. तिसरी म्हणजे ही भूमिका करणार असलेली नटी. तिने मत दिलंच नाही, एवढंच विचारलं, "सीन ४० मधली मी आणि सीन ४२ मधली मी, यांत फरक काय?" मी पाचेक मिनिटं बोललो. जवळीक, ऊब, तुटलेलं पुन्हा सांधणं वगैरे. तिने शांतपणे ऐकून घेतलं. घरी येताना लक्षात आलं की तिच्या प्रश्नाचं उत्तर राहूनच गेलं.

तर, असा सीन कथेला खरोखर लागतोय की नाही हे ओळखायचं कसं? "गरज असेल तरच" हे सगळेच सांगतात. ती गरज मोजायची कशाने?

मागचा_बाक

काढा. भरतमुनींनी नाट्यशास्त्रातच सांगून ठेवलंय की रंगमंचावर चुंबन-आलिंगन दाखवू नये. कारणही फार व्यवहारी दिलंय: नाटक बाप, मुलगा, सून, सासू एकत्र बसून बघतात. टीव्हीसमोर रिमोट शोधायची धावपळ इतकी जुनी आहे बघा.

अर्धवट_पान

हा हा, मान्य. पण त्याच ग्रंथात शृंगार आठ रसांमध्ये पहिला येतो ना? म्हणजे रस हवाच आहे, दाखवायचा कसा एवढाच प्रश्न.

कातरकाम

मी संकलक आहे, त्यामुळे माझी पद्धत खाटकाची. सीन उचलून बाजूला ठेवायचा आणि सिनेमा पुढे चालू द्यायचा. मग पुढचं कुठलं वाक्य, कुठली नजर पोकळ वाटते ते बघायचं. काहीच पोकळ वाटलं नाही तर सीन कितीही देखणा असो, तो गेला. सीन चांगला की वाईट हा प्रश्न तोवर विचारायचाच नाही.

हिचकॉकचा 'नटोरियस' (१९४६) घ्या. हॉलीवूडमध्ये तेव्हा हेज कोडचा, म्हणजे पडद्यावर काय चालेल याच्या नियमावलीचा, अंमल होता, पडद्यावरचं चुंबन लांबलेलं चालायचं नाही. हिचकॉकने ओठ सारखे विलग केले आणि अधूनमधून बोलणं पेरलं. जेवायला बाहेर जायचं की घरीच काही करायचं, कोणाचा निरोप आलाय का, असलं किरकोळ. केरी ग्रँट आणि इन्ग्रिड बर्गमन एकमेकांना न सोडता बाल्कनीतून आत येतात, तो त्याच अवस्थेत फोन करतो, तसेच दारापर्यंत जातात. मिनिटं दोन-अडीच. सेन्सॉरला कसं बनवलं म्हणून हा किस्सा सगळे सांगतात. माझ्या दृष्टीने गंमत पुढे आहे. तो तिथून निघून ऑफिसात पोचतो आणि तिथे त्याला कळतं की हिला दुसऱ्या माणसाला नादी लावायच्या कामावर पाठवायचंय. मघाशी ज्या बाईला क्षणभर सोडवत नव्हतं, तिला हे सांगायचंय. बाल्कनीतला सीन काढा, हा सगळा भाग नुसती सरकारी माहिती होऊन बसतो.

तुमचा सीन ४१ काढला तर पुढे काय मोडतं? आणि तो सीन इथे चिकटवा बरं, जसा लिहिलाय तसा.

अर्धवट_पान

देतो. हसू नका.

"सीन ४१. आत. बेडरूम. रात्र. ती दिवा मालवते. क्षणभर दोघांच्या नजरा भिडतात. ती त्याच्या मिठीत शिरते. आठ महिन्यांचा दुरावा हळूहळू विरघळत जातो. खिडकीबाहेर पाऊस कोसळू लागतो."

कातरकाम

पाऊस! आलाच शेवटी.

दुरावा विरघळतो तो कुठल्या लेन्सने टिपायचा, हे कॅमेरामनला विचारून ठेवा. ह्या पाच ओळी कुठल्याही जोडप्याच्या, कुठल्याही सिनेमातल्या असू शकतात. तुमच्या नटीला उत्तर मिळालं नाही कारण इथे करायला काही दिलेलंच नाही. मिठीत शिरते, पुढे?

निशिगंधा_७

मी सिनेमावाली नाही, पण तुमच्या गोष्टीत राहून आलेय म्हणून लिहिते. माझ्या नवऱ्याच्या अपघातानंतर वर्षभर मी त्याचं सगळं केलं.

तुम्ही "दुरावा" लिहिलंय तिथेच चुकतंय. दुरावा नव्हताच. उलट इतका स्पर्श आम्ही नव्या लग्नातही केला नसेल. दिवसातून वीस वेळा माझा हात त्याच्या अंगावर असायचा. पण तो हात कामावर असायचा. पाठीवरून फिरला की आपोआप लाल चट्टे शोधायचा, कपाळावर ठेवला की ताप. खूप दिवसांनी एकदा मी सहज त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तर तो म्हणाला, "काय झालं, कुठे काही दिसतंय का?" आम्ही दोघं हसलो, पण मला ते लागलं. माझा हात म्हणजे तपासणी, हे त्याच्या अंगाने लिहून ठेवलं होतं.

तेव्हा तुमची बाई जवळ कधी येते हा प्रश्नच नाही हो. ती तर जवळच आहे. तिचा हात ड्युटीवरून कधी उतरतो, ते दाखवा.

कातरकाम

निशिगंधाताई, सिनेमावाली नाही म्हणता आणि आख्खी पटकथा एका परिच्छेदात दुरुस्त करून दिलीत. अर्धवट_पान, हे छापून भिंतीवर लावा.

बाल्कनी_पहिली_रांग

उशिरा आलो, पण याच धाटणीचा एक जुना दाखला आहे. निकोलस रोगचा 'डोन्ट लुक नाऊ' (१९७३). मुलगी गमावलेलं जोडपं व्हेनिसमध्ये आहे. डोनाल्ड सदरलँड आणि ज्युली ख्रिस्ती. त्यातला प्रणयप्रसंग मूळ पटकथेत नव्हता. दोघं पडद्यावर सारखी वादच घालताना दिसताहेत असं रोगला वाटलं, म्हणून त्याने तो घातला. म्हणजे बघा, कारण सगळं हिशेबाचं आहे. या दोघांकडे गमावण्यासारखं काही उरलंय, हे कुठेतरी दिसायला हवं होतं.

शिवाय त्याने तो सरळ सलग दाखवला नाही. बिछान्यातले शॉट आणि नंतर जेवायला बाहेर जाण्यासाठी दोघं कपडे घालताहेत ते शॉट एकमेकांत विणले. बटणं, आरसा, केस सारखे करणं. त्यामुळे घडतंय तेव्हाच त्याची आठवण झालेली असते. नवरा-बायकोचा प्रणय आणि नवथर प्रेमिकांचा प्रणय यांत फरक कोणता, तर कपडे घालतानाची ती सवयीची शांतता. मला तर तेच शॉट जास्त जिवलग वाटतात.

आता उलटी बाजू. वाँग कार-वायने 'इन द मूड फॉर लव्ह'साठी (२०००) प्रणयप्रसंग चित्रित केला होता, अंतिम सिनेमात ठेवला नाही. त्यातल्या दोघांचे जोडीदार एकमेकांत गुंतलेत, आणि कथेचा सगळा ताणच "आपण त्यांच्यासारखे व्हायचं नाही" या हट्टावर उभा. तो हट्ट मोडताना दाखवला असता तर हातात काय राहिलं असतं? तिथे न दाखवणं कथेला लागत होतं.

मागचा_बाक

मग मी काय वेगळं म्हणत होतो? 'मुगल-ए-आझम'मध्ये (१९६०) सलीम अनारकलीच्या चेहऱ्यावरून नुसतं पीस फिरवतो, मागे बडे गुलाम अली खाँसाहेबांचा आवाज. संपलं. त्याहून जास्त कोणी काय दाखवलंय?

बाल्कनी_पहिली_रांग

ते कमी दाखवणं नाही हो, भरपूर दाखवणं आहे! पडदाभर चेहरे आणि इतकी संथ लय. आणि तो बादशहाचा मुलगा, ती कनीज, म्हणजे दासी. हुकूम देणारा हात तिथे पिसाइतका हलका होतो, हे त्या कथेचंच काम आहे. फुलावर फूल आपटण्याशी त्याची तुलना करू नका.

अवांतर: १९६९ च्या खोसला समितीने आपल्या सेन्सॉरबद्दलच्या अहवालात हेच म्हटलं होतं. चुंबन कथेच्या ओघात तर्काला धरून आणि आवश्यक असेल, हाताळणी नाजूक असेल, तर नुसतं चुंबन आहे म्हणून कापू नये. म्हणजे धाग्यातला प्रश्न पन्नास वर्षांपूर्वी सरकारदरबारी पोचला होता. "आवश्यक" कसं ओळखायचं हे मात्र आपल्यावरच आलं.

क्लॅप_दे

सहायक दिग्दर्शक म्हणून सेटवर जे भोगलंय त्यावरून एकच मुद्दा. कागदावर "मिठीत शिरते" लिहिलं की सेटवर काय होतं सांगतो. दिग्दर्शक म्हणतो, तुम्ही तुमचं सहज होऊ द्या, आम्ही टिपतो. दोन नट घामाघूम, वीस माणसं छताकडे बघताहेत. आणि बाहेर येतं ते तेच, मान, खांदा, चादर. सगळ्यांना तेवढंच येतं म्हणून.

एचबीओने २०१८ मध्ये आपल्या मालिकांवर इंटिमसी कोऑर्डिनेटर, म्हणजे प्रणयप्रसंगांची आखणी सांभाळणारी माणसं, नेमायला सुरुवात केली, तेव्हापासून हे पद बऱ्याच ठिकाणी आलंय. नटांची संमती आणि सुरक्षितता हे त्यांचं मुख्य काम, त्यात तडजोड नाही. पण लेखकाला होणारा फायदा कोणी सांगत नाही. ते मारामारीच्या सीनसारखा एकेक टप्पा विचारतात. कोणाचा हात आधी हलतो? कोण थांबतं? का थांबतं? ह्या प्रश्नांपुढे पोकळ सीन टिकत नाही. तुमच्या नटीने तेच केलंय. ती अडवणूक करत नाहीये, तुमची मदत करतेय.

अर्धवट_पान

दोन दिवस गायब होतो. निशिगंधाताईंचा प्रतिसाद वाचून आधीची चाळीस पानं पुन्हा वाचली. तिचा हात प्रत्येक सीनमध्ये आहे आणि मला पत्ताच नव्हता. शिवाय सीन १२ पासून तिच्या मनगटावर गोळ्यांच्या वेळेचा गजर लावलेलं साधं डिजिटल घड्याळ आहे. तपशील म्हणून टाकलं होतं, नंतर विसरलो. आता हे बघा:

"सीन ४१. आत. बेडरूम. रात्र. ती त्याचा डावा हात मांडीवर घेऊन बोटं एकेक उघडतेय, मोजतेय. सात. आठ. तो उजव्या हाताने तिचं मनगट धरतो. ती मोजायची थांबत नाही. नऊ. तो घड्याळाचा पट्टा काढायला लागतो. ती: नऊची गोळी राहिलीय. तो: मला आठवण आहे. घड्याळ उशीखाली सरकवतो. ती आपल्या रिकाम्या मनगटाकडे बघते. मग हात त्याच्या गळ्यावर ठेवते. तो वाट बघतो. हात काही तपासत नाही."

पुढे किती दाखवायचं ते नटी, दिग्दर्शक आणि मी बसून ठरवू. पण सीन ४२ मध्ये सकाळी ती सवयीने मनगट बघते आणि तिथे फक्त पट्ट्याचा फिकट वण. नटीला हे पाठवलं. तिचं उत्तर आलं, "आता कळलं. ती रात्री पेशंट सोडून झोपली." नोकरीचा सीन आता मला वेगळा समजावावा लागत नाहीये.

मधेच गजर वाजवू का? घड्याळ उशीखाली, दोघं ऐकतात आणि उठत नाहीत?

कातरकाम

नको. फिल्मी. तो म्हणतोय ना आठवण आहे, मग घेऊ द्या त्याला गोळी स्वतःच्या हाताने. "हात काही तपासत नाही" ही ओळ मात्र कागदावर छान आहे, पडद्यावर दिसणार कशी? आधीच्या सीनमध्ये तिची बोटं गळ्यावर नाडी शोधताना दाखवा, म्हणजे इथे ती जागा ओलांडून पुढे गेलेली दिसतील.

निशिगंधा_७

मोजणं मधेच तुटतं ते फार खरं आहे. मी अजूनही जिन्याच्या पायऱ्या मोजते.

अर्धवट_पान

नाडी सीन १९ मध्ये घातली. एक फुटकळ शंका. घड्याळाचा पट्टा कसला ठेवू? त्याचा एकच हात चालतो. ताणला जाणारा धातूचा पट्टा असेल तर सरकन निघेल, शॉट लांबणार नाही. की बकलचा ठेवू?

क्लॅप_दे

आताच घरी करून बघितलं, समोर बायकोला बसवून. बकल एका हाताने निघत नाही. मनगट फिरत राहतं आणि पट्टा लूपमधून सुटत नाही. शेवटी तिला स्वतःचा हात माझ्या छातीवर दाबून स्थिर धरावा लागला, तेव्हा निघालं.

अर्धवट_पान

बकल.