डेडलाइन आधी बघायची की महत्त्व?

प्रश्न:
आमच्याकडे डेटाबेसमध्ये सेन्सरचं रीडिंग लिहिणारं ट्रान्झॅक्शन (एकतर पूर्ण होतं, नाहीतर पूर्ण रद्द, असं काम) २० मिलिसेकंदांत संपायला हवं, धोक्याचा अलार्म नोंदवणारं ५० मध्ये. ज्याची डेडलाइन जवळ त्याला आधी, असं शेड्युलिंग लावलंय. एरवी सुरळीत चालतं, पण लोड वाढला की नेमका अलार्मच रखडतो. हे मला अजिबात चालणार नाही. काय करावं?

उत्तर १:
होणारच. लियू आणि लेलँड या संशोधकांनी १९७३ मध्ये दाखवलं की एका प्रोसेसरवर, ठरावीक अंतराने येणारी स्वतंत्र कामं (प्रत्येकाची डेडलाइन म्हणजे त्याची पुढची पाळी) मिळून प्रोसेसरच्या वेळेच्या १०० टक्क्यांच्या आत असतील तर हा नियम सगळ्या डेडलाइन पाळतो. त्यापुढे मात्र जे वेळेत संपणं शक्यच नाही, त्यालाच सीपीयू मिळत राहतो आणि त्याच्या पायी मागची कामंही चुकतात. महत्त्व या नियमाला दिसतच नाही.

उत्तर २:
आधी महत्त्वाचे गट पाडा, डेडलाइन गटाच्या आत बघा. उशीर झालेलं रीडिंग सरळ टाकून द्या, नवं येतंच.

प्रश्नकर्ता:
आणि अलार्मला हवा असलेला लॉक (एकाचं काम चालू असताना त्याच डेटापासून इतरांना थांबवणारं कुलूप) रीडिंगने धरून ठेवला असेल तर?

उत्तर १:
खरी मेख तिथेच आहे! रीडिंग रद्द केलं तर रोलबॅकचा, म्हणजे अर्धवट बदल मागे घेण्याचा खर्च, शिवाय पुन्हा चालवायचं म्हणजे लोड आणखी वाढणार. म्हणून ते संपत आलं असेल तर त्याला तात्पुरती अलार्मची प्रायॉरिटी द्या, लॉक लगेच सुटेल. नुकतंच सुरू झालं असेल तर खुशाल रद्द करा.