ट्रेनिंग संपलं, सहा आठवड्यांत सगळं पहिल्यासारखं. ट्रेनर बदलावा की रचना?

कोरी_पाटी
नव्याने टीम लीड झालेले १२ जण, दोन दिवसांची कार्यशाळा. विषय तीन: काम सोपवणं, फीडबॅक देणं, नव्या माणसाला काम शिकवणं. शेवटच्या फॉर्मवर ५ पैकी ४.६ गुण. सहा आठवड्यांनी चित्र असं की अडलेलं काम लीड अजूनही स्वतःच उरकतात आणि फीडबॅक थेट अप्रेझलला बाहेर पडतो. पुढच्या १२ जणांसाठीही तेवढेच तास मिळणार आहेत. काय बदलावं? वरच्यांना ४.६ सोडून दुसरं काय दाखवता येईल? '७०-२०-१०' (७० टक्के शिकणं प्रत्यक्ष कामातून, २० टक्के इतरांकडून, १० टक्के वर्गात) लावा असंही एकाने सुचवलंय.

उंबरठा
ट्रेनरला हात लावू नका. चहा-जेवण वगळता दोन दिवसांत जेमतेम १२ तास शिकवणं होतं. त्याचे तीन-तीन तासांचे चार तुकडे करा, मध्ये दोन-दोन आठवडे सोडा. दर वेळी घरी नेण्यासारखं एकच काम द्या आणि पुढचं सत्र त्याच्याच हिशेबाने सुरू करा.

सत्राची पहिली दहा मिनिटं वही बंद: मागच्या वेळचं आठवेल तेवढं कोऱ्या कागदावर लिहायचं. रोडिगर आणि कार्पिक यांच्या २००६ च्या प्रयोगात पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवडाभराने मात्र आठवून लिहिणाऱ्यांनी त्यांना मागे टाकलं. स्लाइड चाळून 'येतंय की' वाटतं ते त्यामुळेच. (एबिंगहाउसचा १८८५ चा विसरण्याचा आलेख ट्रेनिंगवाले हमखास दाखवतात. तो त्याने स्वतःवर, निरर्थक अक्षरगट पाठ करून काढला होता. त्यातले टक्के तुमच्या लीडना चिकटवू नका.)

खरी गळती मात्र वर्गाबाहेर आहे. लीड परत येतो, साचलेली कामं वाट बघत असतात आणि त्याचा साहेब विचारतो, "ते झालं का?" मग तो सोपवत बसेल कशाला? म्हणून आधी साहेबांना तासभर बसवा, मग प्रत्येक जोडीची १५ मिनिटांची भेट लावा. ठरवायच्या गोष्टी तीन: हे कोणत्या कामावर वापरायचं (तारखेसकट), त्यासाठी लीडच्या ताटातलं काय कमी करायचं, आणि पुन्हा कधी बसायचं. ज्याची भेट झाली नाही त्याला पुढच्या खेपेला घ्या. इथे सूट दिलीत की बाकीचं सगळं शोभेचं.

तिसरा_रकाना
'काम शिकवणं' याला नवं काही शोधू नका. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' या सरकारी कार्यक्रमाने बसवलेली चार पायऱ्यांची पद्धत आजही पुरते: माणसाला तयार करा, करून दाखवा, करून घ्या, मग लक्ष ठेवा. तिचा जीव आहे तीन रकान्यांच्या कागदात: टप्पा, खुबी, कारण. पुरवठादाराचं बिल नोंदवण्याचं काम घ्या:

टप्पा: बिल आणि पर्चेस ऑर्डर ताडणं. खुबी: आधी नग, मग दर, शेवटी रक्कम. कारण: नग आणि दर दोन्ही चुकूनही एकूण रक्कम योगायोगाने जुळू शकते.

टप्पा: बिल क्रमांक टाकणं. खुबी: सुरुवातीची शून्यं, तिरपी रेघ जशीच्या तशी. कारण: '००४५' आणि '४५' ही बऱ्याच सॉफ्टवेअरला दोन वेगळी बिलं वाटतात. मग एकाच बिलाचे पैसे दोनदा जातात.

एका बैठकीत पाच ते सात टप्पे, जास्त झाले तर काम तोडा. 'करून घ्या' म्हणजे चार फेऱ्या: आधी नुसतं करायचं आणि चूक तिथल्या तिथे थांबवायची, मग टप्पे बोलत, मग खुब्या बोलत, मग कारणं बोलत. लीड नेमके इथेच घाई करतात. "समजलं ना?" "हो." झालं शिकवून! कारण सांगता येत नसेल तर चौथी फेरी पुन्हा.

गृहपाठ: प्रत्येक लीडने आपल्या टीममधल्या एका कामाचा असा कागद आणायचा. निम्म्यांचा तिसरा रकाना रिकामा येईल. सत्र त्यावरच घ्या.

कोरी_पाटी
हे पटलं. सोपवण्याला गृहपाठ काय? आणि मोजमाप?

टाचणी
सोपवताना चार गोष्टी लेखी: काय हातात यायला हवं, कधी, पहिली तपासणी कधी (काम पाव झालं की, शेवटी बघितलंत तर दुरुस्तीला वेळच उरत नाही), आणि निर्णयाची मुभा. मुभेचे तीनच शब्दप्रयोग ठेवा: 'विचारून कर', 'करून सांग', 'सांगायचीही गरज नाही'. पहिल्याच शंकेला "दे, मीच करतो" म्हटलं की काम परत आलं. त्याऐवजी "दोन पर्याय घेऊन ये".

फीडबॅकबद्दल इशारा: नुसता वाढवू नका. क्लुगर आणि डेनिसी यांनी १९९६ मध्ये जुने प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा एक तृतीयांशाहून जास्त ठिकाणी फीडबॅकनंतर काम घसरलेलं दिसलं. बोलणं कामावरून माणसावर सरकलं की नुकसान. "तू निष्काळजी आहेस" हे नको. "मंगळवारच्या अहवालात तक्ता ३ ची बेरीज जुळत नव्हती, पाठवण्यापूर्वी ती पडताळ" एवढंच.

मोजमाप: ट्रेनिंगचा उपयोग मोजण्याचे कर्कपॅट्रिकने १९५९ मध्ये मांडलेले चार स्तर आहेत, प्रतिक्रिया, शिकणं, वर्तन, परिणाम. तुमचे ४.६ म्हणजे पहिला. तिसऱ्यासाठी लीडना विचारूच नका, त्यांच्या टीमला विचारा: गेल्या १४ दिवसांत लीडने ठरावीक कामाबद्दल नेमकं काही सांगितलं का, किती वेळा? सोपवलेलं काम परत घेतलं का? पहिल्या सत्राआधी एकदा, मग सहाव्या आणि बाराव्या आठवड्यात. आधीची नोंद बहुतेक जण विसरतात, मग तुलना कशाशी? टीम पाचपेक्षा लहान असेल तर उत्तरं दुसऱ्या टीममध्ये मिसळून दाखवा, नाहीतर कोण बोललं ते लगेच कळतं. जमलं तर सहा-सहाच्या दोन तुकड्या करा, दुसरी उशिरा सुरू करा. १२ जणांवर काही सिद्ध होणार नाही, पण फरक पडतोय की नाही ते दिसेल.

७०-२०-१० हे यशस्वी अधिकाऱ्यांना 'कशातून शिकलात' विचारून आलेले गोळाबेरीज आकडे आहेत. बजेटची वाटणी त्यावरून करू नका.