साथ ओसरल्यावर हात धुण्याची सवय का सुटली?

प्रश्न – विज्ञानाच्या बाई, बजाजनगर

नमस्कार. मी नागपुरातील एका शाळेत पाचवी ते सातवीच्या मुलांना विज्ञान शिकवते. ११ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविडला महासाथ म्हणून जाहीर केले आणि आपल्या शहरातील पहिला रुग्णही त्याच दिवशी आढळला. पुढे शाळा पुन्हा भरल्या तेव्हा डबा उघडण्याआधी मुले कुणी न सांगता नळापाशी रांग लावत, हे मी स्वतः पाहिले आहे. गेल्या आठवड्यात मधल्या सुटीत त्याच नळापाशी दहा मिनिटे उभी राहिले. बहुतेक मुले बोटे पाण्याखाली धरून, गणवेशाला पुसून पळत होती. साबणदाणीच्या तळाला वडीची एक वाळलेली, भेगाळलेली चकती चिकटलेली होती आणि तिला कितीतरी दिवसांत कुणी हात लावलेला दिसत नव्हता.

ती सवय केवळ भीतीपोटी होती, असेच समजायचे का? आपापल्या घरी काय टिकले, काय सुटले आणि मुद्दाम टिकवावे असे काय आहे, हे कृपया अनुभवावरून सांगावे.

उत्तर – परिचारिका, सरकारी रुग्णालय

बाई, मार्च २०२१ मध्ये शहरात पुन्हा टाळेबंदी लागली तेव्हा मी कोविड वॉर्डात होते, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

भीती हे एक कारण झाले, पण माझ्या मते त्याहून मोठे कारण सोय हे आहे. त्या काळात दुकानाच्या दारात, बँकेत, लग्नाच्या मांडवात, जिथे जाल तिथे हात स्वच्छ करण्याची व्यवस्था समोर होती. ती उचलली गेली आणि सवयही तिच्यामागोमाग गेली. तुमच्या शाळेतील मुले आळशी झालेली नाहीत. नळापाशी वापरण्याजोगा साबणच उरलेला नाही.

साबणाचे काम मुलांना नीट समजावून सांगा, कारण समजलेली गोष्ट अधिक काळ टिकते. कोरोनाच्या विषाणूभोवती स्निग्ध पदार्थाचे आवरण असते. साबणाचे कण त्या आवरणात शिरून ते फोडतात आणि उरलेली घाण पाण्याबरोबर वाहून जाते. त्यासाठी साधारण वीस सेकंद हात चोळावे लागतात. सॅनिटायझरमध्ये किमान साठ टक्के अल्कोहोल असेल तर तेही हा विषाणू मारते, परंतु मातीने किंवा तेलाने माखलेल्या हातांवर त्याचा फारसा उपयोग होत नाही, आणि उलट्या-जुलाब घडवणाऱ्या नोरोव्हायरसला तर ते पुरेसे पडत नाही. म्हणून घरी आणि शाळेत साबणालाच पहिला मान द्यावा.

मास्कबद्दल सांगायचे तर आपल्या राज्यात २०२२ च्या गुढीपाडव्याला सक्ती उठली आणि बहुतेकांनी तो त्याच दिवशी खिशातून काढून टाकला. नागपूरकराला तोंड झाकण्याचे नवल नाही. एप्रिल-मेच्या उन्हात आपण सगळेच डोक्याला-तोंडाला दुपट्टा गुंडाळतो. पण उन्हापासून वाचवणारा दुपट्टा बारीक थेंब अडवण्यासाठी पुरेसा नसतो. तरी एक चांगला बदल मी रोज पाहते. क्षयरोगाच्या रुग्णाने पूर्वी मास्क लावला की शेजारचे लोक बाकावरून उठून जात. आता मास्क लावलेला माणूस डोळ्यांत खुपत नाही, त्यामुळे रुग्णही तो निःसंकोच लावतात. क्षयरोग हवेतून पसरतो, म्हणून या एका बदलाचे मोल मला फार वाटते. दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला असेल तर सरकारी रुग्णालयात थुंकीची तपासणी मोफत होते, हे आपल्या पालकसभेत जरूर सांगा.

काही वाईट सवयीही साथीनेच दिल्या आणि त्या मात्र घट्ट बसल्या आहेत. ताप आला की २०२१ ची जुनी चिठ्ठी काढून त्यावरच्या अँटिबायोटिक गोळ्या आणणारी कितीतरी घरे मला माहीत आहेत. अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही. स्टेरॉइड मनाने घेणे तर त्याहून धोक्याचे आहे. साखर वाढलेल्या माणसाला स्टेरॉइड दिल्यावर काळ्या बुरशीचा आजार कसा डोळ्यांपर्यंत चढत जातो, हे त्या उन्हाळ्यात आम्ही वॉर्डात पाहिले आहे. ती चिठ्ठी कृपया फाडून टाका.

उत्तर – महालातील गृहिणी

आमच्या जुन्या वाड्यात अंगणात नळ आहे. बाहेरून आले की पाय धुऊनच आत यायचे, हा सासूबाईंचा शिरस्ता मधल्या काळात मोडला होता. साथीने तो परत आणला आणि आजही चालू आहे. नळाला जाळीच्या पिशवीत साबण टांगलेला असतो, तो संपला की ज्याच्या हातात शेवटचा तुकडा येतो त्याने नवी वडी घालायची, एवढाच आमचा नियम आहे.

एक गोष्ट मात्र मनाला लागते. काही घरांत हात धुण्याचा नियम आता फक्त कामाला येणाऱ्या ताईंपुरता उरला आहे. घरातली माणसे बाहेरून येऊन थेट सोफ्यावर बसतात आणि ताईंना मात्र दारातच सॅनिटायझर पुढे केले जाते. ही आरोग्याची सवय नव्हे, हा अपमान आहे. नियम ठेवायचा तर तो सर्वांना सारखा असावा.

उत्तर – निवृत्त अभियंता, त्रिमूर्तीनगर

हातांविषयी पुष्कळ लिहिले गेले, म्हणून मी हवेविषयी लिहितो. सुरुवातीला आपण भाजीची पिशवी आणि दाराची कडी पुसत बसलो, परंतु नंतर स्पष्ट झाले की हा आजार मुख्यतः बंद खोलीतील हवेतून पसरतो. भिंतीवरचा एसी खोलीतली तीच हवा पुन्हा पुन्हा थंड करून फिरवतो. आपला खिडकीत बसवलेला कूलर मात्र बाहेरची हवा ताट्यांतून आत ओढतो आणि समोरची खिडकी उघडी असेल तरच नीट थंडावा देतो. ती बंद असली तर खोलीत नुसती चिकचिक होते. म्हणजे हवा खेळती ठेवण्याची शिस्त नागपूरच्या उन्हाळ्यात आधीपासूनच होती. वर्गात कूलर असेल तर समोरची खिडकी बंद होऊ देऊ नका.

त्याचबरोबर कूलरची टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून कडा ब्रशने घासाव्यात. डेंग्यूचा डास पाण्याच्या पातळीलगत टाकीच्या भिंतीवर अंडी चिकटवतो आणि ती कोरड्यातही कित्येक महिने तग धरतात. नुसते पाणी बदलल्याने ती जात नाहीत.

प्रश्नकर्त्या बाईंचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. सिस्टर, तुमचे उत्तर वाचून आज मधल्या सुटीआधी मी वर्गात एका ताटलीत पाणी घेऊन त्यावर मिरपूड भुरभुरली आणि साबण लावलेले बोट मध्यभागी टेकवले. मिरपूड झर्रकन कडेला पळाली तशी मागच्या बाकावरची मुलेही उठून पुढे आली. हा प्रयोग विषाणूचे आवरण फुटताना दाखवत नाही, फक्त पाण्याचा पृष्ठताण साबणाने कमी होतो एवढेच दाखवतो, हेही मी मुलांना सांगितले. तरी साबण काहीतरी करतो हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले.

महालच्या ताईंची जाळीची पिशवी मला सर्वांत उपयोगी वाटली. चार नळांना चार पिशव्या बांधल्या आहेत आणि वडी संपल्यावर नवी घालण्याची जबाबदारी सहावीच्या मुलांनी आठवड्याच्या पाळीने घेतली आहे. वीस सेकंद मोजायला घड्याळ नको म्हणून बाराचा पाढा सावकाश म्हणायचा असे ठरले. आज सुटीत नळापाशी गलका होता, आणि बारा नवे अठ्ठ्याण्णव म्हणणाऱ्या एका मुलाला बाकीच्यांनी पाढा पहिल्यापासून म्हणायला लावला.