'प्रायव्हसी'ला मराठीत गोपनीयता म्हणावं की खासगीपण?

खानापूर तालुक्यातून

नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या वाचनालयात एक फलक लावायचाय. विषय आधारच्या झेरॉक्सचा. ती कुणाला द्यावी, कुणाला देऊ नये, आणि बारापैकी पहिले आठ आकडे झाकलेली प्रतही मिळते, एवढंच सांगायचंय. पण पहिल्याच ओळीत अडकले. 'प्रायव्हसी'ला काय लिहू?

पेपरवाले 'गोपनीयता' लिहितात. तोच शब्द घालून कच्चा मजकूर केला आणि शेजारच्या काकूंना वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "आम्ही काय लपवायलोय? गरिबाकडं लपवण्यासारखं असतंय तरी काय?"

याच काकूंना गेल्या वर्षी उताऱ्याला आधार जोडायला मी एका केंद्रावर घेऊन गेले होते. रांग दारापर्यंत. आतला मुलगा म्हणाला, "मावशी, ओटीपी आला काय बघा की. मोठ्यानं सांगा." काकूंना वाचता येत नाही. मी तेव्हा बाहेर झेरॉक्स काढत होते, म्हणून त्यांनी मोबाइल मागच्या पोराच्या हातात दिला. त्यानं आधी भलताच मेसेज उघडला आणि बँकेतली शिल्लक खणखणीत आवाजात वाचली. मग ओटीपी. काम झालं, कुणी काही चोरलं नाही. पण बसस्टॉपपर्यंत काकू गप्प होत्या. बस दिसली तेव्हा म्हणाल्या, "माझं पैसं सगळ्या गावानं ऐकलं बघ."

त्या दिवशी काकूंचं जे गेलं, त्याला मराठीत काय म्हणायचं?

निपाणीहून

ताई, प्रश्न योग्य आहे, पण 'गोपनीयता' इतक्या लवकर टाकू नका. संस्कृतात 'गुप्' धातूचा अर्थ राखणे, रक्षण करणे. लपवणे हा अर्थ त्यातूनच पुढे आला. आणि लपवणं म्हणजे नेहमी पाप असतं असंही नाही. मतदान गुप्त असतं म्हणूनच गरीब माणूस धन्याला न भिता मत देतो. चाळीस वर्षं शाळेत शिकवलं, मुलांना हेच सांगत आलो.

'ठसा' या शब्दाकडेही बघा. आमच्याकडे ज्या बायकांचा जन्म विड्या वळण्यात गेला, त्यांच्यातल्या कितीतरी जणींचा अंगठा मशीन घेत नाही. 'ठसा उमटवणे' म्हणजे नाव काढणे, कर्तृत्व दाखवणे. ज्यांनी बोटं झिजवून घरं उभी केली, त्यांनाच ऐकावं लागतं, "आजी, तुमचा ठसा उमटत नाही." पूर्वीच्या कागदांवर 'निशाणी डावा अंगठा' लिहून शेजारी कुणीतरी सही करायचा. अंगठा पुसट आला तर माणूस साक्षीला असायचा.

चिकोडीहून

हिंदीतला 'निजता' घ्या. सुटसुटीत आहे.

बेळगाव, शहापूरमधून

'निजता' आपल्या कानाला चालणार नाही. आपल्याकडे निजणं म्हणजे झोपणं.

मी रोज एक मराठी आणि एक कन्नड पेपर वाचतो. 24 ऑगस्ट 2017 ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलं की प्रायव्हसी हा मूलभूत हक्क आहे. हा खटला ज्यांच्या नावानं ओळखला जातो ते के. एस. पुट्टस्वामी कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश. आधारच्या विरोधात त्यांनी 2012 मध्येच याचिका केली होती. या हक्काला कन्नडमध्ये शब्द आहे 'खासगितन'. खासगी हा आपला रोजचा शब्द, त्याला त्यांनी आपला 'तन' लावला, जसा आपण 'पण' लावतो. मूळ अरबी 'खास', फारसीतून आपल्याकडे आला. मराठेशाहीत 'खासगी' म्हणजे राजघराण्याच्या स्वतःच्या उत्पन्नाचा, घरखर्चाचा विभाग, दौलतीच्या कारभाराहून वेगळा. म्हणजे तेव्हा खासगी फक्त मोठ्यांना होतं. 2017 च्या निकालानंतर ते तुमच्या काकूंनाही आहे. शब्दाचा हा प्रवास मला फार मोलाचा वाटतो. सीमाप्रश्नावरून इतकी वर्षं भांडतोय, ते भांडण आपल्या जागी राहू दे, पण इथं शेजाऱ्यानं आपल्याआधी नेमका शब्द उचलला हे मान्य करायला हवं.

आणखी एक. मराठी आधारवर 'माझे आधार, माझी ओळख' असतं. आपल्या कर्नाटकातल्या कार्डावर 'ओळख'च्या जागी 'गुरुतु'. गुरुतु म्हणजे खूण. मला कन्नड शब्द जास्त खरा वाटतो. ओळख दोन माणसांत होते, वाढते, कधी कुणी ती दाखवत नाही. पूर्वी बँकेत खातं काढायला 'ओळख' लागायची, म्हणजे एखादा जुना खातेदार सही करायचा. बारा आकडी नंबर ही खूण झाली, ओळख नव्हे. खुणेचा घोळही किती! आमच्या चुलत्यांचं नाव ज्ञानदेव. एका कागदावर इंग्रजीत 'डी'नं सुरू होतं, दुसऱ्यावर 'जे'नं, कारण आपण 'द्न्या' म्हणतो आणि लिहून घेणाऱ्याच्या तोंडी तो उच्चार नाही. दोन्ही कागदांवर माणूस एकच आहे हे सिद्ध करायला त्यांना चार खेपा झाल्या. गल्लीत मात्र त्यांना कोण ओळखत नाही?

खानापूर तालुक्यातून

गुरुजी, गुप्त मतदानाचा मुद्दा मला पटला. गुपित ठेवण्यात कमीपणा नाही. पण शब्द कोशात काय आहे यापेक्षा तो कुठे भेटतो, त्यावर त्याचा वास ठरतो. 'गोपनीयता' लोकांना भेटते मंत्र्यांच्या शपथेत आणि 'गोपनीय अहवाला'त, म्हणजे सरकार आपल्यापासून जे राखतं तिथं. आपण सरकारपासून, दुकानदारापासून, रांगेतल्या पोरापासून जे राखायचं त्यालाही तोच शब्द लावला, की काकूंना वाटतं आपल्यावर आळ आलाय. लपवणारा काहीतरी दडवतो. खासगी ठेवणारा फक्त दार ओढून घेतो.

तेव्हा 'खासगीपण' ठरलं. काकूंना पुन्हा विचारलं. त्या म्हणाल्या, "खासगी म्हणजे आपल्यापुरतं की." तोही शब्द घेतला. 26 सप्टेंबर 2018 चा निकालही एका ओळीत घातलाय, कारण बँक खात्याला आणि मोबाइलच्या सिमला आधार जोडण्याची सक्ती तेव्हाच रद्द झाली, हे इथं अजून पुष्कळांना माहीत नाही.

फलकाची पहिली ओळ अशी:

"आधार नंबर, ओटीपी आणि बँकेतली शिल्लक आपल्यापुरती आहे. खासगीपण हा तुमचा हक्क आहे. चार लोकांत मोठ्यानं सांगायला कुणी म्हटलं, तर 'कागदावर लिहून देते' म्हणा. वाचता येत नसेल तर वाचनालयात या, दार लावून वाचून देऊ."